आधी वाळवण, मग मशीन: पिठाच्या गिरणीवाल्याने डाळ मिल टाकताना

अमळनेर तालुक्यातल्या एका मोठ्या गावातून प्रश्न आला आहे. घरची पिठाची गिरणी आहे, वडिलांनी घातलेली. दोघं भाऊ आहेत, रस्त्याला लागून १० गुंठे जागा आहे, थोडी शिल्लक आहे आणि बँक कर्ज द्यायला तयार आहे. तूर आणि हरभऱ्याची डाळ मिल टाकायची आहे. विचारलंय एवढंच, की मशीन कोणतं घ्यावं?

भाऊ, मशीनचं शेवटी सांगतो. छोटी डाळ मिल मशीनपायी क्वचितच बुडते. ती बुडते उताऱ्यात, म्हणजे क्विंटलभर तुरीतून किती किलो डाळ हातात येते त्यात, आणि उधारीत. या दोन गोष्टी हाताला लागल्याशिवाय मोठं मशीन घेतलं तर तोटाही मोठ्या वेगाने होतो.

पहिली गोष्ट, पिठाची गिरणी बंद करू नका. डाळ मिलचा पैसा महिना-दीड महिना अडकतो, गिरणीचा गल्ला रोजचा रोख असतो. घरखर्च आणि वीजबिल त्यावर निघालं पाहिजे. त्यासाठी गिरणीही नीट चालायला हवी. पिठात हात घातल्यावर चटका बसत असेल तर दगड गुळगुळीत झालाय किंवा जास्त आवळलाय. टाकी द्यायची, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरखरीत करायची, वेळ झाली की लगेच द्या, नाहीतर पीठ जळकट लागतं, भाकरी थापताना चिरते आणि दादर (रब्बी ज्वारी) घेऊन येणारी बाई पुढच्या वेळी दुसऱ्या गिरणीत जाते. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) दळणात उडीद असतो. त्यानंतर दगडात राहिलेलं पीठ पुढच्याच्या गव्हात जाऊ देऊ नका.

हेच गिऱ्हाईक तुमच्या डाळ मिलचं पहिलं गिऱ्हाईक आहे. पहिला हंगाम स्वतः तूर विकत घेऊ नका, शेतकऱ्याची तूर मजुरीवर करून द्या. घरच्या खाण्यापुरती ५० किलो, १ क्विंटल तूर प्रत्येकाकडे असते. भाव चढो की पडो, तुमची मजुरी ठरलेली. त्यात एक नियम पाळा: दोघांची तूर एकत्र करायची नाही. पोत्याला नाव आणि वजनाची चिठ्ठी, आणि परत देताना डाळ, चुनी (डाळीचा बारीक चुरा), टरफल यांची वेगवेगळी वजनं त्याच्यासमोर. २० किलोचा लॉट घेऊ नका. एवढ्या थोड्या मालात मशीनमध्ये अडकून राहणारा मालच टक्केवारी बिघडवतो आणि शेतकऱ्याला वाटतं आपली डाळ काढून ठेवली.

आता तुरीचं. हरभऱ्याचं टरफल दाण्यापासून सहज सुटतं, तुरीचं सुटत नाही, कारण टरफल आणि आतली डाळ यांच्या मध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. तुरीच्या दाण्यात टरफल १२ ते १५ टक्के, अंकुर २ ते ५ टक्के आणि बाकी सगळी डाळ. म्हणजे कागदावर ८० च्या पुढे डाळ निघायला हवी. जुन्या पद्धतीने प्रत्यक्षात निघते ६८ ते ७५. मधला फरक चुनीत जातो आणि ढोरांच्या तोंडी लागतो. हा चिकट थर मशीनने जोर लावून तुटत नाही. तो आधी ढिला करावा लागतो, आणि ते काम वाळवणाच्या ओट्यावर होतं.

क्रम असा. तूर आल्यावर चाळणी आणि पंखा: माती, काडी, पोचट, खडा बाहेर. मग दाण्याच्या आकाराप्रमाणे निदान दोन वर्ग करा. बरेच जण ही पायरी टाळतात आणि तिथेच पहिला तोटा करून घेतात. मशीनमधला सोलणारा रोल आणि जाळीतलं अंतर मोठ्या दाण्याला बसवलं तर बारीक दाणा न सोलता निघून जातो, बारकाला बसवलं तर मोठा दाणा फुटतो. बीडीएन ७११ ची पांढरी तूर आणि बीएसएमआर ७३६ ची लाल तूर एकाच ढिगात ओतली तर हेच होतं, शिवाय डाळीचा रंग एकसारखा दिसत नाही.

वर्ग केल्यावर एमरी रोलवरून, म्हणजे खरखरीत थर दिलेल्या रोलवरून, पहिली हलकी फेरी. हिचा हेतू सोलणं नाही, टरफलाला ओरखडे पाडणं हा आहे, म्हणजे तेल आत शिरेल. इथे रोल घट्ट ठेवू नका. मग क्विंटलला अर्धा ते एक किलो खाद्यतेल लावायचं. तेल एका जागी ओतून फावड्याने फिरवलं तर निम्म्या दाण्यांना लागतच नाही. स्क्रू कन्व्हेयरमध्ये थेंबाथेंबाने सोडा, नाहीतर फिरत्या ड्रममध्ये लावा. तेल लावलेली तूर रात्रभर, निदान १२ तास, ढीग करून झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पसरायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा ढीग. दिवसा ऊन, रात्री ढीग, असं दोन-तीन दिवस. दाणा दिवसा तापून आकसतो, रात्री ढिगात ओलावा सगळीकडे सारखा होतो, आणि या आकसण्या-सैलावण्याने टरफल सुटत जातं. वाळवणाच्या शेवटी क्विंटलला अडीच ते साडेतीन लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग, सकाळी वरचा ओलावा उडेपर्यंत ऊन, आणि मग रोलवर.

पहिल्या फेरीत सगळी तूर सोलली जाणार नाही, तसा हट्टही धरू नका. निघालेली डाळ आणि गोटा (सोललेला पण न फुटलेला अख्खा दाणा) बाजूला काढा, न सोललेल्या दाण्याला पुन्हा पाणी, ढीग, ऊन आणि पुन्हा फेरी. तीन-चार फेऱ्यांत काम संपतं. एकाच फेरीत उरकायला रोल आवळला की डाळीच्या कडा झिजतात, चुनी वाढते, तुकडा वाढतो. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महाग पडते.

बिघाड कुठे झालाय ते माल पाहून कळतं. डाळीवर टरफलाचे ठिपके राहिले असतील तर रात्रीचा ढीग कमी पडला किंवा तेल सारखं लागलं नाही. डाळीच्या कडा गोल झाल्या असतील तर रोल घट्ट आहे किंवा फेऱ्या जास्त झाल्या. तुकडा अचानक वाढला तर तूर फार कोरडी झाली आहे, किंवा पाणी मारून लगेच मशीनवर घातली आहे. टरफल दाण्यावरच लगदा होऊन चिकटत असेल तर ओलावा जास्त आहे. थांबा, एक ऊन आणखी द्या. आणि डाळ गरम निघत असेल, मोटरचे अँपिअर चढत असतील, तर एमरी गुळगुळीत झाली आहे. पीठगिरणीच्या दगडाला टाकी देतात तसं इथे रोलवर नवी एमरी चढवावी लागते. एमरीची भुकटी, मॅग्नेसाइट आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण यांचा तो थर असतो. तो पूर्ण पक्का होईपर्यंत मशीन चालू करू नका. घाई केली तर खडे सुटून डाळीत येतात आणि दळणात खडा सापडलेलं गिऱ्हाईक विसरत नाही.

वाळवणाची जागा आधी मोजा. सव्वा इंचाच्या थराला क्विंटलमागे साधारण ४५ चौरस फूट लागतात. २० क्विंटलच्या एका लॉटला ९०० चौरस फूट. पण एक लॉट ओट्यावर असताना दुसरा पाणी मारून पडलेला असतो आणि तिसरा परतीच्या फेरीचा, म्हणून २,७०० चौरस फूट सिमेंटचा, किंचित उतार दिलेला ओटा धरा. १० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, तेव्हा जागा पुरते, फक्त गोदाम बांधताना ओट्यावर सावली पडणार नाही असं बांधा. माती किंवा शेणसारवणावर वाळवू नका, खडा तिथूनच येतो.

ऊन ही खानदेशाला मिळालेली देणगी आहे. मार्च ते मे, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो आणि हवा कोरडी असते, तेव्हा दोन दिवसांत होणारं वाळवण पौषात चार दिवस घेतं. अडचण अशी की तूर बाजारात येते डिसेंबर ते फेब्रुवारीत. म्हणजे थंडीत घ्यायची आणि उन्हाळ्यात करायची, आणि मधल्या काळात पैसा आणि माल दोन्ही सांभाळायचे. हरभरा फेब्रुवारी-मार्चपासून येतो, त्याला तेल लागत नाही, पाणी आणि ढीग पुरतो. म्हणून हात बसवायला हरभऱ्यापासून सुरुवात करा. मूग-उडीद भाद्रपदात येतात, ओले असतात, ऊन नसतं. मुगाची डाळ ठिसूळ, उडदाचा चिकटपणा तुरीइतकाच त्रासदायक. ड्रायर नसेल तोवर पहिली दोन वर्षं त्यांच्या वाटेला जाऊ नका.

साठवणीत भुंगा सांभाळा. तो बऱ्याचदा शेतातूनच अंड्यांच्या रूपात दाण्याला चिकटून येतो आणि गोदामात वाढतो. खरेदीच्या वेळी दाण्यावर पांढरे बारीक ठिपके दिसले की तो माल साठवायचा नाही, आधी मशीनवर घ्यायचा. साठवायची तूर १० टक्के ओलाव्याच्या आत वाळवा, थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. धुरीच्या गोळ्या विषारी वायू सोडतात. ते काम प्रशिक्षित, परवानाधारक माणसाकडूनच आणि राहत्या घराला लागून असलेल्या खोलीत तर मुळीच नाही.

आता खरेदी. मार्केट यार्डात ढिगाच्या वरून मूठ भरून पाहू नका, तळातून आणि मधून घ्या. ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेतल्याशिवाय खरेदीला उतरू नका. १३ टक्के ओलाव्याची १०० किलो तूर १० टक्क्यांवर आली की ९६.७ किलो उरते. ८,००० भावाने हे क्विंटलला २६० रुपयांच्या पुढे जातं, आणि ते पाण्याचे पैसे असतात.

पूर्ण हिशेब मांडून दाखवतो. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव ८,००० रुपये होता, तोच धरू. बाकीचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे घालून पाहा. तूर ८,०००, हमाली-तोलाई-भाडं १५०, वीज-मजुरी-तेल-बारदान ३००. एकूण ८,४५०. एक नंबर डाळ ७० किलो निघाली, तुकडा ४ किलो ७० च्या भावाने, चुनी १२ किलो २२ ने, टरफल १० किलो १२ ने, ४ किलो घट. तुकडा, चुनी, टरफलाचे ६६४ वजा केले तर डाळ १११ रुपये २३ पैशांना पडली. बाजारात ११२ मिळाले तर क्विंटलला ५४ रुपये सुटले. त्याच तुरीतून ६८ किलोच डाळ आली आणि २ किलो चुनीत गेली तर १२६ रुपये तोटा. ७२ आली तर २३४ नफा. म्हणजे दोन किलो इकडेतिकडे झाले की क्विंटलमागे १८० रुपयांचा फरक.

यात व्याज धरलेलं नाही. पैसा ४५ दिवस अडकला आणि व्याज १० टक्के असलं तर क्विंटलला सुमारे १०० रुपये जातात. म्हणजे ७० किलो उताऱ्याचा, कर्जावर चालणारा मिलवाला प्रत्यक्षात तोट्यात आहे आणि गल्ल्यात नोटा येताना दिसतात म्हणून त्याला ते कळत नाही. रोज १० क्विंटल करायची म्हटली तर महिन्याला २५० क्विंटल, नुसत्या तुरीचे २० लाख. दीड महिना धरला तर ३० लाख खेळतं भांडवल. प्रकल्प अहवालात लोक मशीन आणि शेडचे आकडे नीट लिहितात आणि हा आकडा अंदाजाने टाकतात. बँकेकडून मुदत कर्जाबरोबर कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज) मंजूर झाल्याशिवाय मशीनचा आगाऊ देऊ नका.

म्हणून प्रत्येक लॉटची वही ठेवा: तूर कुठली, वाण कोणतं, आवक वजन, ओलावा, तेल, पाणी, किती उन्हं, किती फेऱ्या, आणि मग डाळ, तुकडा, चुनी, टरफल, घट. बेरीज १०० ला जुळलीच पाहिजे. घट ४-५ किलोच्या वर गेली तर एकतर माल ओला होता किंवा कुठेतरी गळती आहे. तिसऱ्या महिन्यात ही वहीच सांगेल की कोणत्या गावची तूर चार आणे जास्त देऊन घ्यायची.

साठा करून भाव वाढायची वाट पाहणं हा वेगळा धंदा आहे, तो डाळ मिलमध्ये मिसळू नका. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली, त्यानंतर म्यानमार आणि आफ्रिकेतला माल भावावर बसतो. जून २०२३ मध्ये केंद्राने तूर-उडदावर साठा मर्यादा घातली, जून २०२४ मध्ये तूर-हरभऱ्यावर. करायला लागणारा दोन-अडीच महिन्यांचा माल ठेवा, त्याच्यापुढे नाही.

उधारीचं स्पष्ट बोला. नव्या मिलवाल्याकडे पहिल्यांदा येतो तो व्यापारी बहुतेक वेळा जुन्यांनी उधारी बंद केलेला असतो. एका गिऱ्हाइकाकडे एका गाडीपेक्षा जास्त पैसा अडकू देऊ नका, पहिल्या गाडीचे आले की दुसरी. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) उत्पादक म्हणून करा. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे करार असेल तर ४५ आणि नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात मिळत नाही, हा नियम आता मोठे व्यापारी जाणतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

बाकी कागद थोडक्यात. अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हा पाकिटं करण्याआधी सनदी लेखापालाला विचारा. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदानाची तरतूद होती. सध्या अर्ज घेतायत का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, पण हिशेब अनुदान शून्य धरून जमवा. ते तीन वर्षं कर्ज खात्याशी बांधलेलं असतं आणि हातात खेळायला येत नाही. डाळीला रंग, तुरीत लाखेच्या (खेसारी) डाळीची भेसळ, यांचा विचारही नको. लोकांची लेकरं ती डाळ खातात.

दोघं भाऊ आहात म्हणून हे लिहिणं भाग आहे. खरेदी एकाने, ओटा आणि मशीन दुसऱ्याने, आणि वसुलीचा दिवस दोघांनी मिळून. दोघांचा पगार पहिल्या महिन्यापासून ठरवा, कमी असला तरी चालेल, पण गल्ल्यातून हात घालून घ्यायचं बंद. वहिनी किंवा आई पीठगिरणी सांभाळत असेल तर तिचाही पगार लावा, कारण डाळ मिल उभी राहीपर्यंत घर तीच चालवणार आहे. भागीदारीचं पत्र नोंदवा, जागा कोणाच्या नावावर आणि मिल तिचं भाडं देते की नाही हे त्यात लिहा. वडील आहेत तोवर हे बोलणं अवघड वाटतं, ते गेल्यावर अशक्य होतं. तुमच्याच अमळनेरात १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना घातला, त्याचीच पुढे विप्रो झाली. संस्थापक १९६६ मध्ये अचानक गेले तेव्हा मुलगा अझीम २१ वर्षांचा होता आणि शिक्षण सोडून त्याला गादीवर बसावं लागलं. माल कुठे, येणं किती, देणं किती हे दुसऱ्याला एका दिवसात कळेल अशी वही घरात असायला हवी.

विजेचं: ३ फेज औद्योगिक जोडणी, भार मंजूर करून घेताना दोन वर्षांनंतरची मोटरही धरा. गावाकडे एक फेज जातो आणि उरलेल्या दोनवर मोटर चालत राहून वाइंडिंग जळतं, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर पहिल्या दिवशी बसवा. पॉवर फॅक्टर राखायला कपॅसिटर. प्रत्येक पट्ट्याला लोखंडी जाळी, आणि मशीनजवळ पदर-ओढणी खोचून ठेवल्याशिवाय कोणीही जायचं नाही. धुळीला सायक्लोन (हवेतली धूळ वेगळी काढणारं यंत्र) लावा, कामगाराच्या छातीत ती रोज जाते.

आता मशीन. सुरुवातीला मिनी डाळ मिल पुरे आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल आणि म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेची, दोन्ही महाराष्ट्रात चालताना बघायला मिळतात. ममुराबाद किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. रंग निवडणारं सॉर्टेक्स आत्ता घेऊ नका, जळगावात मजुरीवर करून मिळतं. विक्रेत्याच्या दुकानात त्याच्या तुरीवर दाखवलेला उतारा धरू नका. तुमच्या गावची १ क्विंटल तूर स्वतः तेल-पाणी देऊन, वाळवून न्या, तुमच्यासमोर चालवून घ्या, डाळ, तुकडा, चुनी, टरफल आपल्या काट्यावर मोजा. तासाला किती क्विंटल यापेक्षा तुकडा किती ते पाहा. रोलवर पुन्हा एमरी कोण चढवून देणार, किती दिवसांत, किती पैशांत, हे लेखी घ्या, आणि जाळी, पट्टे, बेअरिंग यांचा एक जादा संच त्याच बिलात लिहून घ्या.